तुलनेचा वॉर्ड

३ फेब्रुवारी १९९८

प्रिय वहिनी,

सोबत तक्त्यांचं पहिलं पुडकं पाठवते आहे. साठ कोरे तक्ते आहेत, मोजून घे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो गं, कळलं" म्हणतेस आणि शेवटी आपलंच खरं करतेस, म्हणून लेखी. शिवाय आमच्या गाईडबाईंचा नियमच आहे, पीएचडीच्या कामातला प्रत्येक शब्द कागदावर हवा.

तर नीट वाच. इथे आमच्या हाडांच्या वॉर्डात ऑपरेशन झालेल्या प्रत्येक पेशंटजवळ संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान एक सिस्टर खुर्ची ओढून दहा मिनिटं बसेल. हातात ट्रे नाही, थर्मामीटर नाही. नुसतं बसायचं, तो बोलला तर ऐकायचं. मग आठ वाजता दुसरी सिस्टर जाऊन विचारेल, दुखणं किती, शून्य ते दहा. हा माझा प्रयोगाचा वॉर्ड. तिकडचा तुझा हाडांचा वॉर्ड तो तुलनेचा. तुझ्याकडे सगळं रोज चालतं तसंच चालायचं, फक्त आठ वाजता आकडा विचारून तक्त्यात भरायचा. एका पेशंटचे चार दिवस, चार आकडे. नवीन काहीही करायचं नाही. कितीही वाटलं तरी नाही!

तुझाच वॉर्ड का, असं गाईडबाईंनी विचारलं. मी म्हटलं, तिथल्या इन्चार्ज सिस्टर माझ्या वहिनी आहेत, एक कागद इकडचा तिकडे व्हायचा नाही. बाई हसून म्हणाल्या, "म्हणजे वशिला!"

वहिनी, हा माझा तिसरा विषय. पहिले दोन बोंबलले ते तुला माहीतच आहे. तीस जून दोन हजारला माझी नोंदणी संपते आणि त्याच दिवशी बाई निवृत्त होतात. तोवर झालं तर झालं. सत्तेचाळीस वर्षांची झाले, नर्सिंग कॉलेजात माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुली विचारतात, "मॅडम, तुमचं अजून चालूच का?" मी हसते आणि जिना उतरते. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

दादाला सांग, औषधं वेळेवर घे.

तुझी
चिमी

---

२० फेब्रुवारी १९९८

चिमे, अगं होऊ घातलेल्या डॉक्टरीणबाई,

पुडकं पोचलं. साठ नाहीत, एकोणसाठ आहेत. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस आणि माझी नर्सची टोपी घालून आरशासमोर उभी राहायचीस. तेव्हापासून तुझी मोजदाद ही अशीच.

तुझ्यासाठी संध्याकाळची पाळी मागून घेतली आहे. मेट्रनबाईंनी भुवया उंचावल्या, म्हणाल्या, "या वयात दोन ते नऊ?" मी म्हटलं, नणंद पीएचडी करते आहे, घरातली पहिलीच. तुझा दादा म्हणतो, बसण्याची पीएचडी असेल तर ती मला घरबसल्या मिळायला हवी होती. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. कालच शेजाऱ्यांना सांगत होता, बहीण डॉक्टर होणार, पण सुई टोचणारी नव्हे, पुस्तक लिहिणारी.

आता कामाचं. तुझं शून्य ते दहा विद्यापीठात ठीक आहे गं, इथे पंचाईत आहे. सहा नंबरला एक आजोबा आहेत, आयुष्यभर लिफ्ट चालवली. त्यांना विचारलं, दुखणं किती, दहापैकी? त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "चौथा मजला." मी लिहिलं चार. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे अडकलंय." ते काय लिहू? तीन नंबरच्या मास्तरीणबाई तर म्हणतात, दहापैकी दहा मी कधी कुणालाच दिले नाहीत, दुखण्याला कशी देऊ!

पण होतंय. समजावून सांगावं लागतं एवढंच. तू काळजी करू नकोस, तुझा एकही आकडा मी खोटा लिहिणार नाही.

वहिनी

---

११ मार्च १९९८

प्रिय वहिनी,

तुझं पत्र गाईडबाईंना वाचून दाखवलं, लिफ्टवाल्यांवर बाई पोट धरून हसल्या. अडीच लिही, अर्धे आकडे चालतात.

इकडे आमचं गाडं रुळावर येतंय. पहिल्या आठवड्यात सिस्टर बसायच्याच नाहीत. खुर्चीच्या कडेला टेकून घड्याळाकडे बघायच्या. एकीने मला विचारलं, "मॅडम, बसून करायचं काय?" आपण इतकी वर्षं धावायला शिकवलं, बसायला कुणाला शिकवलंच नाही. आता हळूहळू जमतंय. आकडे खाली येताहेत, पाहून मला रडू यायचं बाकी आहे.

तुझं पहिलं भरलेलं पुडकं लवकर पाठव. तुझे आकडे माझ्यापेक्षा चांगले जास्त यायला हवेत, तरच माझं काही खरं! एक तक्ता कमी होता तो सोबत जोडला आहे.

चिमी

---

९ मे १९९८

चिमे,

बेचाळीस तक्ते पाठवते आहे. सगळे स्वच्छ अक्षरात आहेत, एकावर चहाचा डाग आहे, तो दादाचा.

लिफ्टवाले आजोबा घरी गेले. जाताना म्हणाले, सिस्टर, तळमजला आला. त्यांचं काय झालं होतं सांगू? बावीस वर्षं एका इमारतीत लिफ्ट चालवली, आणि घर मात्र बैठं. जिना चढायची सवयच नव्हती. मुलाने नवीन घर घेतलं ते तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथे लिफ्ट नाही. पहिल्याच आठवड्यात पाय मोडला. हे त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं, की मला जिन्याची भीती वाटते. मला सांगितलं. मग मीच मुलाला बाजूला घेऊन बोलले.

मास्तरीणबाई बऱ्या आहेत. त्यांचं नवऱ्याशी तीस वर्षं बोलणं नाही आणि तो रोज दुपारी येऊन पलंगाजवळ पेपर वाचतो. एकदा म्हणाल्या, "त्याने पेपर मोठ्याने वाचला तर बरं होईल, पण मी कशी सांगू?" मी सांगितलं त्याला. आता मोठ्याने वाचतो, अख्खा वॉर्ड ऐकतो.

शेऱ्याच्या रकान्यात मी असं काहीबाही थोडक्यात लिहिलं आहे. तुला उपयोग होईल, नुसत्या आकड्यांवरून माणूस कळत नाही.

तुझे ते आकडे कसे आलेत ते मला कळत नाही, तूच बघ.

वहिनी

---

२ जून १९९८

प्रिय वहिनी,

तक्ते मिळाले. अक्षर तुझं नेहमीसारखं, छापल्यासारखं.

एक विनंती आहे. शेऱ्याच्या रकान्यात ताप, उलटी, जखमेतून रक्त एवढंच लिहीत जा. बाकीचं तिथे नको. तक्ते बाईंच्या हातात जातात आणि परीक्षक आले तर त्यांच्याही जातील. पेशंटच्या घरातल्या गोष्टी कागदावर असणं बरं दिसत नाही. या बेचाळीस तक्त्यांची मी नवीन प्रत करून घेते आहे, तू त्रास घेऊ नकोस. मला पत्रात मात्र सगळं लिहीत राहा, ते माझ्यासाठी.

तू वेगळं काही करत नाहीस ना, असं विचारणार होते. पण तुला काय विचारायचं! तुझं काम मी पाहिलेलं आहे.

इथे उन्हाने जीव नकोसा झालाय. खोलीतला पंखा फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त.

चिमी

---

१ जुलै १९९८

चिमे,

नाही गं, नवीन काहीही नाही. तीस वर्षं करते आहे तेच.

शेरे बंद केले. तुझं म्हणणं बरोबर आहे, कुणाच्या घरचं कुणी का वाचावं.

वहिनी

---

१८ ऑक्टोबर १९९९

प्रिय वहिनी,

तू विचारत होतीस, अडीचशे तक्त्यांचं पुढे काय झालं म्हणून. आकडेमोड पूर्ण झाली.

फरक नाही. माझ्या वॉर्डात सरासरी तीन पूर्णांक दोन, तुझ्या वॉर्डात तीन पूर्णांक एक. म्हणजे दहा मिनिटं जवळ बसल्याने दुखणं कमी होतं असं या अभ्यासातून म्हणता येत नाही. मी दोन दिवस खोलीबाहेर पडले नाही. मग बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, फरक नाही हाही निष्कर्षच असतो, प्रामाणिकपणे मांडला की पुरे. पदवी कामाला मिळते, मनासारख्या उत्तराला नाही.

तेव्हा लिहायला बसले आहे. डिसेंबरात प्रबंध देईन. तुमच्या हॉस्पिटलने परवानगी देताना घातलेल्या अटीप्रमाणे मेट्रनबाईंना दोन पानांचा सारांशही पाठवावा लागेल.

चौदा महिने तू संध्याकाळची पाळी केलीस. ऋणनिर्देशात पहिलं नाव तुझं आहे. मनाला काही लावून घेऊ नकोस.

चिमी

---

१७ जुलै २०००

चिमे,

तुझी तोंडी परीक्षा झाली, पदवी पक्की झाली, हे दादाने फोनवरून ऐकलं आणि अख्ख्या गल्लीत पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली, कारण पेढे त्याला वर्ज्य. मी फोनवर नीट बोलले नाही ते तुझ्या लक्षात आलं असेल. का बोलले नाही ते आता लिहिते. तीन वेळा लिहून फाडलं आहे.

मागच्या सोमवारी मेट्रनबाईंनी नोटीस लावली. आपल्याच हॉस्पिटलात झालेल्या संशोधनातून असं सिद्ध झालं आहे की पेशंटजवळ बसण्याने दुखण्यात काही फरक पडत नाही, तरी सिस्टरांनी कामाच्या वेळेत पलंगाशेजारी बसू नये, जादा खुर्च्या बाहेरच्या दवाखान्यात हलवाव्यात. मी ती नोटीस उभ्याने वाचली, मेट्रनबाईंकडून तुझा सारांश मागून घेतला आणि घरी येऊन वाचला.

चिमे, फरक पडला नाही, कारण मी बसत होते.

रोज बसत होते. पाळी कुठलीही असो, हातातलं काम आवरलं की मी एकेकाजवळ खुर्ची ओढते, ही माझी पहिल्या नोकरीपासूनची सवय. तू लिहिलंस, रोज चालतं तसंच चालू दे, नवीन काही नको. मी मनात म्हटलं, माझं कुठे नवीन आहे? पण खरं सांगायचं तर पहिल्याच पत्राच्या वेळी माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तिकडे जे औषध म्हणून देताहेत तेच इकडे मी फुकट वाटते आहे, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू बसू नकोस म्हणाली असतीस, आणि ते मला जमलं नसतं, म्हणून विचारलं नाही. आणि तू विचारलंस तेव्हा मी सरळ सांगितलं, नवीन काही नाही. तू आकडे कळवलेस तेव्हाही खरं लिहायचा धीर झाला नाही.

तुझी पाच वर्षं मी मातीत घातली. तुला जे खरं म्हणून सिद्ध करायचं होतं ते खरंच होतं, आणि माझ्यामुळे ते खोटं ठरलं. आता ती नोटीस भिंतीवर आहे आणि नवीन मुली ती वाचून पलंगाजवळून निघून जातात. मला अन्न गोड लागत नाही.

तू सांगशील तसं करते. बाईंना लिहू का? विद्यापीठाला लिहू? नोकरी गेली तरी चालेल, दोन-तीन वर्षंच उरली आहेत.

वहिनी

---

२ ऑगस्ट २०००

प्रिय वहिनी,

पत्र वाचून धक्का बसला. पण जे झालं ते झालं. कुणालाही काही लिहू नकोस. बाई निवृत्त झाल्या, त्यांना आता या वयात त्रास नको. विद्यापीठात एकदा कागद हलला की काय होईल सांगता येत नाही, आणि पुढच्या वर्षी प्राचार्यपदाची निवड आहे.

तू मुद्दाम केलं नाहीस हे मला माहीत आहे. मी तुला माफ केलं आहे, तेव्हा तूही मनातून काढून टाक. यापुढे मात्र नोटिशीप्रमाणे वाग, नियम आहे तो नियम. पुन्हा असा घोटाळा नको.

दादाला नमस्कार.

चिमी

---

२९ ऑक्टोबर २०००

चिमे,

तुझ्या पत्राने फार उपकार झाले. दुसरं कुणी असतं तर तोंड पाहिलं नसतं.

मी नियमाने वागते आहे. सकाळची पाळी परत मागितली होती, मिळाली नाही.

दादा बरा आहे.

वहिनी

---

४ मार्च २००१

चिमे,

मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा हे पाहून घाबरू नकोस. तब्येत उत्तम आहे. तू प्राचार्य झाल्याचं कळलं. फोनवर मी ओरडलोच, पण तुझी वहिनी "छान झालं" म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

तिच्याबद्दलच लिहायचं आहे. हल्ली ती अगदी वेळेवर घरी येते. नऊला पाळी संपते, सव्वानऊला दारात. तेहेतीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. पाळी कुठलीही असो, तासभर उशीर ठरलेला, आणि आल्यावर जेवताना वॉर्डातल्या एकेकाची कथा. मी म्हणायचो, बाई, मला भाजी वाढ, पेशंट नको वाढू. आता नुसती भाजी वाढते. मी मुद्दाम विचारतो, आज कोण आलं? ती म्हणते, तीन मांड्या आणि एक खुबा.

काय झालं विचारलं तर म्हणते, काही नाही, मी चिमीचं फार नुकसान केलं आणि तिने मोठ्या मनाने पोटात घातलं. काय नुकसान ते सांगत नाही. तुमच्या नणंद-भावजयीच्या गोष्टीत मी आजवर पडलो नाही. पण हे घर मला सुनंसुनं वाटतं. तुला काही माहीत असेल तर कर काहीतरी.

दादा

---

१५ मार्च २००१

वहिनी,

आज प्रिय लिहायचा मला हक्क नाही.

मला माहीत होतं.

तुझं पहिलं पुडकं उघडलं त्याच दिवशी कळलं. सुरुवात करण्यापूर्वी मी तिसऱ्याच एका हॉस्पिटलात वीस पेशंटवर तक्ते तपासून पाहिले होते. तिथे आकडे आले होते सहा, साडेसहा, सात. रोजच्या चालीच्या वॉर्डात तेवढेच यायला हवेत. तुझे आले तीन. आणि शेजारी शेऱ्यात लिफ्टवाल्यांची जिन्याची भीती. हे उभ्याने विचारलं तर कोण सांगतं? मी ते तक्ते घेऊन बाईंच्या दारापर्यंत गेले होते. सांगितलं असतं तर तुझा वॉर्ड रद्द करून दुसरीकडे पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. आणखी दीड वर्ष. मुदत चुकण्याची भीती होती. मी दारावरून परत आले, आणि तुला लिहिलं की शेरे लिहू नकोस. त्या बेचाळीस तक्त्यांच्या प्रती करून मूळ तक्ते मी फाडून टाकले.

पुढच्या वर्षी शेवटचं पुडकं न्यायला मी स्वतः आले होते, आठवतं? सहाच्या सुमाराला तुझ्या वॉर्डाच्या दाराशी पोचले तर तू खिडकीजवळच्या पलंगाशी बसली होतीस, पाठ माझ्याकडे. एका म्हाताऱ्याचा पाय तुझ्या मांडीवर होता आणि तू त्याला चूप बसवून स्वतःच हसत होतीस. मी जिन्यात परत गेले. दहा मिनिटं उभी राहिले. मग चपला वाजवत वर आले, म्हणजे तू उठलेली असशील.

त्याही आधीचं सांगते. ज्या बाईकडे बघून मी जवळ बसायचं म्हणजे काय ते शिकले, ज्यावरून मला हा विषय सुचला, तिचाच वॉर्ड मी तुलनेसाठी निवडला. का, तर सोय. तक्ते वेळेवर येतील म्हणून. चूक तिथे झाली. तू माझं काहीच बिघडवलं नाहीस. तुझ्या वॉर्डात तीन येतात आणि दुसरीकडे साडेसहा, हाच तर खरा निष्कर्ष होता. तो माझ्या हातात होता आणि मी तो पदवीसाठी दाबला.

आणि तुझं जुलैचं पत्र आलं तेव्हा मला काय वाटलं माहीत आहे? सुटल्यासारखं वाटलं. दोष घ्यायला कुणीतरी पुढे आलं होतं. मी तुला माफ केलं. असं वाक्य माझ्या हातून लिहिलं गेलं, ते आठवलं की मला माझ्याच हाताची शिसारी येते. दादाचं पत्र आलं नसतं तर मी अजूनही गप्पच बसले असते, हेही लिहून ठेवते.

काल विद्यापीठाला सगळं कळवलं. पदवी ठेवतील की काढून घेतील ते त्यांच्या हातात. प्राचार्यपदाचा राजीनामा दिला आहे. मेट्रनबाईंना वेगळं लिहिलं आहे की तो सारांश चुकीचा आहे, नोटीस काढावी. विद्यापीठाला तुझं एक निवेदन लागेल, वॉर्डात प्रत्यक्ष काय चालत होतं त्याचं. देशील का, हे विचारायलाही लाज वाटते.

तू बसत जा, वहिनी. आजपासूनच.

चिमी

---

९ एप्रिल २००१

चिमे,

निवेदन सोबत जोडलं आहे, सही केली आहे. मी काय करत होते तेवढंच त्यात आहे. तुझ्या जिन्याचं लिहिलेलं नाही, ते लिहायचं असेल तर तू लिही. नोटीस मेट्रनबाईंनी गेल्या बुधवारी काढली. खुर्च्या अजून आलेल्या नाहीत, मी माझ्यापुरतं स्टूल आणलं आहे.

तक्त्यांचा मला राग नाही. दोन विषय वाया गेलेले, मुदत डोक्यावर, माणसाचा पाय घसरतो. मीही स्वतःची समजूत घालून घेतलीच होती. पण पहिलं पुडकं पाहून तू लिहिलं असतंस, की वहिनी, तुझा वॉर्ड चालणार नाही, तुझ्याकडे माणसं फार बरी होतात, तर मी ते पत्र गल्लीभर दाखवत फिरले असते. एवढी ओळख तुला माझी असायला हवी होती.

राग आहे तो दोन ऑगस्टच्या पत्राचा. ते मी पर्समध्ये ठेवलं होतं. पाळीवर जाण्यापूर्वी कपडे बदलायच्या खोलीत वाचायचे, आपल्या हातून पुन्हा कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून. तू लिहिलं होतंस, नियमाने वाग. मी वागले. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून विचारायचे, दुखतंय का, आणि पुढच्या पलंगाकडे जायचे. पहिल्या महिन्यात फार जड गेलं. नंतर सवय झाली, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

नोव्हेंबरात नऊ नंबरला एक बाई होत्या. शिवणकाम करायच्या, एकट्याच राहायच्या. मांडीचं हाड मोडलेलं. रोज संध्याकाळी माझ्या एप्रनचं टोक धरून म्हणायच्या, "सिस्टर, टेका ना जरा इथे, एक सांगायचंय." मी म्हणायचे, काम आहे हो, येते मागाहून. काम काही नसायचं. आठवडाभर म्हणाल्या, मग म्हणायच्या थांबल्या. दोन दिवसांनी सकाळी गेल्या. फुप्फुसात गुठळी गेली होती, मी बसले असते तरी त्या वाचल्या नसत्या, हे तुझ्याइतकंच मलाही कळतं. पण त्यांना काय सांगायचं होतं ते आता कुणालाच माहीत नाही. त्यांचं सामान न्यायला कुणी आलं नाही. टेप आणि कात्री होती, ती मी ऑफिसात जमा केली.

त्या आठवड्यात तू एक ओळ लिहिली असतीस तरी पुरलं असतं.

तुझ्या पदवीचं काय होईल ते होवो. ती काढून घेतली तर मला आनंद होणार नाही, ठेवली तरी होणार नाही. तू दादालाही वेगळं पत्र लिहून सगळं सांगितलंस हे बरं केलंस. त्याने ते दोनदा वाचलं, मग म्हणाला, तिला सुट्टीत बोलाव. ये. हे घर तुझंच आहे, तुझी खोली मी झाडून ठेवते. जेवायला वाढीन, दादाच्या थट्टेला तुझ्याबरोबर हसेनही कदाचित.

पण मी तुला अजून माफ केलेलं नाही, चिमे. आणि केलेलं नसताना केलं असं लिहिणार नाही.

वहिनी